तिसऱ्या चढाईला दोष देऊ नका, कोपऱ्याकडे बघा

पोस्ट जरा लांब आहे. कबड्डीवाल्यांनी पूर्ण वाचा, आयोजकांनी निदान खालचा अर्धा भाग तरी.

पेण-रोह्याकडे सामने सुरू झाले की रोज रात्री माझ्या फोनवर निकाल येऊन पडतात. हल्ली ते बघताना एक गोष्ट खटकते. गुण वाढलेत, पण ते सगळे चढाईचे. पकडीचे गुण विचारले की गुणलेखक कागद उलटा-पालटा करतो. जुनी मंडळी लगेच म्हणतात, "प्रो कबड्डीने वाट लावली, त्या तिसऱ्या चढाईने खेळ पळवला."

मला हे पटत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण घ्या नाहीतर बाद व्हा, हा नियम घराघरात पोचला. पण नीट विचार करा, तो नियम बचावाच्या फायद्याचाच आहे. तिसऱ्या चढाईला गडी आत येणारच, हे सातही जणांना आधीच माहीत असतं. बोनसची लालूच दाखवा, आत घ्या आणि कोपऱ्यातून घोटा धरा.

बचाव मोडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. नियमाने चढाईला ३० सेकंद मिळतात. पूर्वी आमच्याकडचे गडी ते पुरेपूर वापरायचे, निदान रेषा ओलांडून मागे यायचे, पुन्हा जायचे. तेवढ्यात बचावाला साखळी बांधायला, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायला वेळ मिळायचा. आता पोरं सात-आठ सेकंदांत हात मारून परत. एक चढाई संपली की दुसऱ्या संघाला पाच सेकंदांत गडी पाठवावा लागतो, पण हुशार संघ तेवढीही वाट बघत नाहीत. तुमचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून घरी येतोय आणि त्याच्या पाठीलाच समोरचा 'कबड्डी कबड्डी' करत आत! तुमचा गडी अजून पाठमोरा, कोपरा टाळ्या देतोय, मध्यरक्षक पंचांकडे बघतोय. गुण गेला. हिशेब सोपा आहे. २० मिनिटांच्या डावात पूर्ण वेळेच्या ४० चढाया बसतात. निम्म्या वेळेत आटपल्या तर ८०. म्हणजे चुकायच्या संधी दुप्पट.

ही युक्ती फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत कॉलेजचं जे फुटबॉल खेळतात (आपलं पायाने खेळायचं नव्हे, ते हेल्मेटवालं), त्यात ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक चिप केली यांनी २००९ ते २०१२ मध्ये हेच केलं. एक चाल संपली की घोळका करून न बोलता लगेच दुसरी. समोरच्या बचावाला ना दम घ्यायला वेळ, ना गडी बदलायला. तिथे निदान एवढा नियम आहे की आक्रमण करणाऱ्याने गडी बदलला तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो.

मग वेगापुढे बचाव हरतोच का? नाही. २०१८ चं जकार्ता आठवा. १९९० पासून एशियाडमध्ये सलग सात सुवर्णं घेणाऱ्या भारताच्या पुरुष संघाला इराणने उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं. त्या संघात डाव्या कोपऱ्याला फजल अत्राचली होता. प्रो कबड्डी बघणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको, यू मुम्बाकडून खेळलाय. एवढ्या चढाईपटूंचा आपला संघ १८ वर अडकला, कारण समोरचा बचाव चढाई संपायच्या आधीच पुढच्या चढाईला उभा होता.

तसं उभं राहायला सराव लागतो आणि अंगात ताकद लागते. आमच्या पोरांचं इथेच अडतं. रोह्याकडच्या एका कोपरारक्षकाला विचारलं तर म्हणाला, "दादा, साखळी बांधाला टाइमच नाय भेटत. आन् चौथ्या मॅचला पाय उचलत नाय." दिवसभर धाटावला एमआयडीसीत ड्युटी, रात्री सामने. एका रात्रीत एवढे संघ घ्यायचे की अंतिम सामना पहाटे. चढाईपटूला निदान मधे श्वास घेता येतो, दुसरा गडी पाठवता येतो. कोपऱ्याचा गडी मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येक चढाईला वाकलेलाच. थकलेला माणूस घोटा धरायला अर्धा क्षण उशिरा जातो आणि तिथेच गुडघा फिरतो. असे फिरलेले गुडघे मी आपल्या दोन्ही तालुक्यांत मोजून दमलोय. ऑपरेशनला गाव वर्गणी काढतं, तेही पहिल्या महिन्यापुरतंच.

आणि मिळतं काय? बाइक बहुतेक वेळा चढाईपटूला, रील त्याचीच. म्हणून सरावाला गेलात तर दहा वर्षांचा पोरगाही 'मी रेडर' म्हणतो. कोपरा कुणाला नकोय.

आयोजक मंडळींनो, आमदार-झेडपी सदस्यांच्या फोटोंचे बॅनर लावाच, माझं काही म्हणणं नाही. पण एका रात्री एका संघाला दोनपेक्षा जास्त सामने नकोत. संघ जास्त असतील तर दोन रात्री घ्या. मैदानाशेजारी रुग्णवाहिका उभी ठेवा, खेळाडूंचा अपघात विमा प्रवेश फीमधून काढा. आणि उत्कृष्ट पकडीचं बक्षीस उत्कृष्ट चढाईइतकंच ठेवा, रुपयाला रुपया.

या हंगामात पेण किंवा रोह्यातल्या कुठल्या मंडळाने यातली एक गोष्ट जरी केली, तरी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. मी स्वतः येतो, कोपऱ्याच्या मागे बसून सामना बघतो आणि बातमीही तिथूनच लिहितो.