दोन शहरें आणि एक दिवस

देशांतर करावें कीं करूं नये, हा वाद आमच्या घरांत तीन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत मिटला. चिरंजीव पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यांत इंजिनियर, सूनबाई गणिताच्या शिक्षिका आणि नात सहा वर्षांची. तिघांनीं ऑस्ट्रेलियांत जावयाचें, एवढें ठरलें. परंतु ऑस्ट्रेलिया म्हणजे कांहीं एक गांव नव्हे. मेलबर्नला राहावें कीं ॲडिलेडला, हा प्रश्न उरला, आणि साताऱ्याच्या आमच्या वाड्यांत तो पहिल्याहूनही अधिक पेटला. धाकटे बंधु म्हणत, "जायचेंच तर मोठ्या शहरीं जावें. लहान गांव काय, येथेंही आहे!" सौ. म्हणे, "जेथून विमान लवकर येतें, तें बरें." ज्यांना कोठेंच जावयाचें नव्हतें, त्यांचीं मतें सर्वांत ठाम होतीं.

आमच्या घराण्यापुढें असा प्रसंग पूर्वीं एकदां आला होता. पणजोबा कोंकणांतून घाटावर आले, तेव्हां पुणें कीं सातारा, असा पेंच त्यांच्यापुढें होता. पुण्यांत पैसा आणि ओळखी. साताऱ्यांत दोन्हीं बेताचीं. तरी ते साताऱ्यास राहिले. कारण काय, तर येथें मिळालेल्या घराच्या परसांतच विहीर होती! या कारणावरून त्यांची थट्टा चार पिढ्या चालली आहे. "तेव्हां पुण्याची जागा घेतली असती, तर आज आपण कोण असतों!" हें वाक्य आमच्याकडील प्रत्येक लग्नकार्यांत एकदां तरी निघतें.

मीं चौतीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा मी फळ्यावर डोळे मिटून काढूं शकतों. परंतु तो देश कधीं पाहिलेला नव्हता. म्हणून दिवाळीच्या आधीं चिरंजीव जेव्हां म्हणाले, "अप्पा, कायमचें जाण्यापूर्वीं दोन्हीं शहरें एकदां पाहून यावीं म्हणतों, तुम्ही बरोबर चला," तेव्हां मीं आढेवेढे घेतले नाहींत. कार्तिकांत आम्ही चौघे निघालों. आपल्याकडे थंडी पडूं लागते, तेव्हां तिकडे वसंत सरत असतो.

पेंच नेमका काय होता, तें आधीं सांगितलें पाहिजे. त्या देशांत वास्तव्याचा परवाना गुण मोजून देतात: वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांचे गुण. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ॲडिलेड 'प्रादेशिक' शहरांत धरलें जातें, आणि प्रादेशिक परवान्यास १५ गुण जादा मिळतात. मात्र तो परवाना पांच वर्षांचा, तात्पुरता. त्या मुदतींत प्रादेशिक भागांतच राहावें लागतें, आणि तीन वर्षें तशीं काढल्यावर कायमच्या वास्तव्यासाठीं अर्ज करतां येतो. मेलबर्न त्यांत येत नाहीं. मेलबर्नची वाट कायमच्या परवान्याची. पण तिला जादा गुण पांचच, म्हणून ती अरुंद. चिरंजिवांना दोन्हीं वाटा खुल्या होत्या. एकीवर पाऊल टाकलें म्हणजे दुसरी बंद होणार होती.

प्रथम मेलबर्न पाहिलें. हें शहर १८३५ सालीं वसलें. १८५१ सालीं त्या प्रांतांत सोनें सांपडलें आणि शहराचें भाग्य उघडलें. १९०१ पासून १९२७ पर्यंत देशाची राजधानीही तेंच होतें. आज वस्ती पन्नास लाखांहून अधिक. ट्रामचें जाळें सुमारें २५० किलोमीटरांचें, जगांत सर्वांत मोठें. शहराच्या मध्यवस्तींत तर ट्रामला तिकीटच लागत नाहीं. नातीनें एका दुपारीं अकरा ट्राम बदलल्या. हवा अशी लहरी कीं सकाळीं ऊन, दुपारीं गार वारा, संध्याकाळीं सर आणि रात्रीं पांघरूण. परंतु मला शहरानें जिंकलें तें ग्रंथालयानें. १८५६ सालीं उघडलेलें तें सार्वजनिक ग्रंथालय. १९१३ सालीं त्याला घुमटाचें अष्टकोनी वाचनदालन जोडलें. कोणीही यावें, बसावें, वाचावें. त्या घुमटाखालीं मी दोन तास बसलों आणि मनांत म्हणालों, ठरलें; माझ्या मुलाचें घर याच शहरीं असावें. चिरंजिवांचेंही मन तेथेंच बसलें. कारण कारखाने, कंपन्या, नोकऱ्यांच्या जाहिराती, सारें तेथें अधिक.

आम्ही उतरलों होतों शहराच्या पश्चिमेस, एका मराठी कुटुंबाकडे. त्या भागांत आपल्या लोकांची वस्ती दाट आहे. भाजणी मिळते, गणेशोत्सव मोठा होतो, मुलांसाठीं सुटीच्या दिवशीं मराठीचे वर्गही चालतात. यजमान फार अगत्यशील. मात्र ते सकाळीं साडेसहाला घर सोडीत ते संध्याकाळीं सात वाजून गेल्यावर परत येत. त्यांची दोन मुलें शाळेच्या आधीं आणि शाळेनंतर पाळणाघरांत असत. चार दिवसांत त्या गृहस्थांना मुलांशीं निवांत बोलतांना मीं एकदांच पाहिलें, तेंही रविवारीं.

तिसऱ्या रात्रीं नातीला खोकल्याची उबळ आली. तिला बाळदमा आहे. पुण्यांत पावसाळ्याच्या तोंडीं तो उठतो. येथें पावसाळा नव्हता, तरी छाती वाजूं लागली. औषध जवळ होतें म्हणून निभावलें. सकाळीं यजमानीणबाई म्हणाल्या, "हा गवताच्या परागांचा काळ आहे, काका. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत जपावें लागतें." आणि मग त्यांनीं २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळची हकीकत सांगितली. त्या दिवशीं उकाडा होता. संध्याकाळीं वीजवादळ आलें. शहराच्या उत्तरेस आणि पश्चिमेस पसरलेल्या कुरणांतील रायग्रास नांवाच्या गवताचे पराग वादळानें उचलले. ओलाव्यानें ते फुटून त्यांची इतकी बारीक धूळ झाली कीं ती थेट फुप्फुसांत उतरली. कांहीं तासांत हजारों माणसें श्वासासाठीं तडफडत रुग्णालयांकडे धांवलीं. दहाजणांचा अंत झाला. आपणांला दमा आहे, हें त्यांतील अनेक रुग्णांना ठाऊकही नव्हतें. त्यानंतर सरकारनें वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था केली आहे आणि ती चांगली चालते, हेंही बाईंनीं प्रामाणिकपणें सांगितलें.

तेथून ॲडिलेड सव्वासातशें किलोमीटर. आम्ही मोटारीनें गेलों. बॅलरॅट मागें पडलें, हॉर्शॅम आलें, आणि दोन्हीं बाजूंस पिकत आलेला गहू क्षितिजापर्यंत पसरला. मधून मधून कुरणें लागत. वाऱ्यावर तें गवत लाटांसारखें हालत होतें, दिसण्यांत मोठें मोहक. सूनबाईंनीं न बोलतां मोटारीच्या कांचा वर केल्या. तिसऱ्या प्रहरीं मरे नदी ओलांडली. चौतीस वर्षें मीं ही नदी निळ्या खडूनें काढली होती. ती खरोखरी मातकट आहे!

ॲडिलेड डोंगर उतरतां उतरतां एकदम खालीं दिसतें, पलीकडे समुद्र. कर्नल विल्यम लाइट यांनीं १८३७ सालीं ही नगरी आंखली: मध्यें चौकोनी रस्ते आणि भोंवतीं उद्यानांचें कडें. तें कडें आजही टिकून आहे. कैद्यांची वसाहत म्हणून नव्हे, तर स्वतंत्र वसाहतकऱ्यांची म्हणून ही वसली. स्त्रियांना मताचा आणि विधिमंडळास उभें राहण्याचा असे दोन्हीं हक्क या प्रांतानें १८९४ सालींच दिले. वस्ती चौदा लाखांच्या आसपास. आम्ही गेलों तेव्हां जॅकरंडाचीं झाडें जांभळ्या फुलांनीं भरलीं होतीं. लहान गांवांत मुलांच्या शिक्षणाचें काय, अशी शंका निघाली, तेव्हां मी म्हणालों कीं क्ष-किरणांनीं स्फटिकांची रचना उलगडणारे विल्यम लॉरेन्स ब्रॅग १८९० सालीं येथेंच जन्मले, येथेंच शिकले आणि पंचविसाव्या वर्षीं वडिलांबरोबर नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. चिरंजीव म्हणाले, "अप्पा, ब्रॅगना नोबेल मिळालें, मला नोकरी कोण देणार?"

त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. या शहराचा मोटारींचा मोठा कारखाना २०१७ च्या ऑक्टोबरांत कायमचा बंद झाला. मेलबर्नचाही त्याच महिन्यांत झाला. पण मेलबर्नला दुसरे उद्योग पुष्कळ. ॲडिलेडला युद्धनौका बांधण्याचें मोठें काम आहे. परंतु त्यांतील बऱ्याच जागांना नागरिकत्वाची अट असते. उन्हाळा तर असा कीं २४ जानेवारी २०१९ रोजीं येथें ४६.६ अंश तपमान झालें. लहान शहर म्हणून घर स्वस्त, ही समजूतही तेथें टिकली नाहीं. भाड्याचें एक घर पाहावयास गेलों, तों दारापुढें तीसएक मंडळी रांगेंत उभीं! पुढें २०२४ च्या सुमारास घरांच्या किंमतींत ॲडिलेडनें मेलबर्नला गांठलें. परागांविषयीं डॉक्टरांना विचारलें, तर ते म्हणाले, "गवत येथेंही आहे. मुलीचा दमा जाईल, असें वचन मी देणार नाहीं."

मुक्कामाच्या शेवटच्या रात्रीं जेवणें झाल्यावर विषय निघाला. चिरंजिवांनीं मेलबर्नच्या बाजूनें मुद्दे मांडले: कायमचा परवाना, अधिक पगार, अधिक संधि, आपलीं माणसें. मीं ग्रंथालयाची भर घातली. सूनबाई ऐकत होत्या. मग त्यांनीं पिशवींतून एक वही काढून माझ्यापुढें ठेवली.

"मामंजी, आपण शहरें पाहिलींत. मीं दिवस पाहिला."

वहींत दोन पानें समोरासमोर होतीं. एका पानावर मेलबर्नचा एक साधा मंगळवार, दुसऱ्यावर ॲडिलेडचा. पहांटे साडेपांचापासून रात्रीं दहापर्यंत, तासातासाचा हिशेब. आपल्याला परवडेल असें घर कोठें, शाळा किती लांब, मूल कोणाच्या हातीं किती वेळ, हे कामावरून केव्हां परतणार, रात्रीं छाती वाजूं लागली तर मुलांचें रुग्णालय किती मिनिटांवर. मेलबर्नच्या पानावर नात जागेपणीं वडिलांना पाऊण तास पाहणार होती. ॲडिलेडच्या पानावर अडीच तास. तेथें १९८६ पासून कांहीं बसगाड्या काँक्रीटच्या स्वतंत्र मार्गावरून न थांबतां धांवतात. त्या मार्गाजवळचें एक उपनगर त्यांनीं हेरलें होतें. प्रांताप्रांताचें शिक्षकनोंदणी मंडळ वेगळें. दोन्हींकडे आपल्याला नोंदणीस काय लागेल, तेंही शेवटीं लिहिलें होतें.

"पगार मीं दोन्हीं पानांवर लिहिला आहे," त्या म्हणाल्या. "मेलबर्नचा अधिक आहे, तो मीं कमी केलेला नाहीं. पण मामंजी, एक विचारूं? आपल्या परसांतल्या त्या विहिरीचें पाणी कोण भरत असे?"

"पणजीबाई," मी म्हणालों. पुढें मला बोलवेना. चार पिढ्या आम्ही त्या विहिरीला हंसलों. परंतु दररोज पहांटे घागर कोणाच्या कमरेवर होती, याचा विचार आमच्यापैकीं एकानेंही केला नव्हता. पणजोबांनीं तेवढाच केला होता. आणि मी? त्या घुमटाखालीं बसून मी मुलाचें घर ठरवीत होतों, कीं साताऱ्याच्या नगरवाचनालयांत मित्रांना सांगावयाची हकीकत जुळवीत होतों? ज्या शहरांत मी फार तर दोनतीन महिने राहणार, तें मी माझ्या आवडीनें निवडूं पाहत होतों. चिरंजीव बराच वेळ वहीचीं पानें उलटीत राहिले. मग म्हणाले, "पाऊण तास कमी आहे." त्या रात्रीं इतकेंच बोलणें झालें. परत आल्यावर अर्ज ॲडिलेडचा गेला.

त्यांना तिकडे जाऊन आतां दीड वर्ष झालें. सारें सुरळीत झालें, असें सांगून मी वाचकांना फसवूं इच्छीत नाहीं. चिरंजिवांना पहिले पांच महिने मनाजोगतें काम मिळालें नाहीं. मग मिळालें तें बाटल्या भरण्याच्या यंत्रांच्या दुरुस्तीचें. बाटल्या कशाच्या, हें सौ. शेजारीं सांगत नाहीं. त्या प्रांतांत द्राक्षें फार होतात, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पगार पुण्याच्या अपेक्षेहून कमी आहे. सूनबाई नोंदणी होऊन बदली शिक्षिका म्हणून जातात. गणेशोत्सव लहान असतो. पण लहान म्हणूनच नातीला आरतीचें तबक धरावयास मिळालें. दमा गेला का, असें जो तो विचारतो. नाहीं गेला. पहिल्या वसंतांत दोन रात्री वाईट गेल्या. मात्र दोन्हीं रात्रीं वडील सहापासून घरीं होते, आणि रुग्णालय पंधरा मिनिटांवर होतें.

ज्यांच्या घरीं असा प्रश्न आज ना उद्यां येणार आहे, त्यांनीं दोन्हीं शहरांचा आपला एक साधा मंगळवार कागदावर लिहावा, आणि तो घरांतील सर्वांत लहान माणसाकडून व सर्वांत अधिक राबणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा, एवढेंच मला सुचवावयाचें आहे. म्हाताऱ्यांचें मत शेवटीं घ्यावें. आम्हां म्हाताऱ्यांना तेथें कायमचें राहावयाचें, तर साध्या अर्जाची रांग तीसएक वर्षांची आहे, असें तेथील सरकारच सांगतें; मी एकाहत्तर वर्षांचा आहें. तेव्हां आमचा संबंध पाहुण्याचा.

ओसरीवरील जुन्या घड्याळाखालीं मीं दुसरें घड्याळ लावलें आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तें चार तास पुढें असतें, नंतर पांच. मेलबर्नचें याहूनही अर्धा तास पुढें असतें. तेवढें ॲडिलेड आम्हांला जवळ पडलें. तिकडे सात वाजले कीं नात फोनवर परवचा म्हणते. हल्लीं आमच्याकडे तेव्हां दुपारचे तीन वाजलेले असतात, अंगणांत ऊन रणरणत असतें. तरी तिचा आवाज आला कीं सौ. उठते आणि देवापुढें दिवा लावते.