वाढलेल्या बांगड्यांचं जातं

चित्रकलेच्या तासाला पहिल्यांदा फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मोझॅक' लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ते फवारून जात नाही. झाडच उपटून टाकावं लागतं." वर्गात निम्मी लेकरं शेतकऱ्यांची. मोझॅक म्हणजे सोयाबीनवर पडणारा पिवळा रोग, पानावर हिरवे-पिवळे ठिपके, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत. पोरगं चुकलं नव्हतं. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं भेंडीवरच्या अशाच रोगाला तोंड देणारं 'परभणी क्रांती' वाण काढलं, तेही त्यानंच मला सांगितलं.

पुढच्या तासाला शहाणपणा केला आणि शुद्ध मराठी शब्द लिहिला, कुट्टिमचित्रण. "काय कुटायचंय सर?" तो शब्द मी पुन्हा काढला नाही.

शेवटी कामाला आली ती गच्ची. आमच्या गंगाखेडात गेल्या काही वर्षांत जी पक्की घरं झाली, त्यातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबवर मिस्त्री पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवून देतो. उन्हाचा ताप कमी होतो, पाणी मुरत नाही. त्याला म्हणतात चायना मोझॅक, आणि तो प्रत्येकानं अनवाणी पायांनी अनुभवलेला. मग सांगितलं, स्पेनमधल्या बार्सिलोनात गाउदी नावाच्या वास्तुकारानं शंभरेक वर्षांपूर्वी हेच केलं. फुटक्या टाइल्सनी बागेतले बाक मढवले, आणि ते बघायला आज जगभरातून माणसं जातात. "गच्चीवरचं बघायला आमच्याकडं कुणी येत नाही," एक मुलगी म्हणाली. खरं आहे.

आता सामानाचं. चित्रकलेच्या तासाला शाळेतून मिळतो खडू, आणि मागितलं तर अजून एक खडू. मोझॅक काही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना येत नाही. तिथं संकल्पचित्र रंगवायचं असतं. त्यामुळं दहावीच्या जादा गुणांवर डोळा ठेवून असलेले पालक यासाठी दहा रुपयेही सुटे करत नाहीत. मग घरात जे असेल ते. आणि घरात काय असतं? धान्य.

ती माझी पहिली चूक. 2015 साली दिवाळीच्या आधी मी डाळी-कडधान्यांचं मोझॅक करायला घेतलं. मुगाचा मोर, तुरीच्या डाळीचा सूर्य, ज्वारीची जमीन. त्या वर्षी तूरडाळ 200 रुपये किलोच्या आसपास गेली होती आणि पाऊसही धड झालेला नव्हता. सातवीतली एक मुलगी वाटीभर डाळ घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "सर, उरली तर परत न्यायची का? मायनं मोजून दिलीय." मी "हो, हो" म्हणालो आणि काम चालू ठेवलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. चित्रं कपाटात ठेवून सुट्टीवर गेलो. परत आलो तर ज्वारीत सोंडे झालेले आणि मोराचा पिसारा उंदरांनी पुरा खाल्लेला. चोच तेवढी शिल्लक, कारण ती लाल मिरचीच्या देठाजवळच्या तुकड्याची होती. डाळीची मोझॅकं आजही प्रदर्शनांत दिसतात आणि बक्षिसंही घेतात. माझ्या वर्गात तेव्हापासून खायचं काही चिकटवलं जात नाही.

त्यानंतर सापडली लग्नपत्रिका. तिच्यासारखा फुकटचा उत्तम कागद मी दुसरा पाहिलेला नाही. जाड, रंगीत, कधी मखमली, कधी सोनेरी वर्ख मारलेला. घोटीव कागद चमकतो पण पातळ, खळ लागली की सुरकुततो. पत्रिका हलत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात त्या थेट जूनपर्यंत येत राहतात, आणि मे संपता संपता प्रत्येक घरात अर्धी पिशवी जमते. टाकवत नाहीत, कारण वर गणपती असतो. इथंच आमचं काम पहिल्यांदा अडलं. एका आजीनं निरोप पाठवला, "सरांना म्हणावं, देवाला कातरी लावू नका." रास्त बोलणं. तेव्हापासून आधी गणपती सबंध कापून बाजूला ठेवायचा, मग उरलेल्या कागदाच्या पट्ट्या. माझ्या कपाटात बिस्किटांचे दोन डबे गणपतींनी भरलेत.

पट्टी कापायची अर्ध्या बोटाच्या रुंदीची, तिचे आडवे तुकडे करंगळीच्या नखाएवढे. खळ मैद्याची, मीच घरून शिजवून नेतो. बांधणीवाले टाकतात तशी मोरचूद मी टाकत नाही, लेकरांची बोटं तोंडात जातात. त्यामुळं खळ त्याच दिवशी संपवावी लागते. आणि पुठ्ठा! एका बाजूनं खळ लागली की वाळताना त्याला पापडासारखा बाक येतो. वर्षभर मी त्यावर दप्तरं रचून ठेवत होतो. मग एका बुकबाइंडरनं हसत सांगितलं, "मागूनही एक कागद चिकटवा की." मागून वर्तमानपत्र लावलं, पुठ्ठा सरळ. अशी गोष्ट कलाशिक्षकाच्या पदविकेत कुणी शिकवली नव्हती.

खरी मारामारी असते ती फटीवरून. तुकडे एकमेकांना भिडवून, मध्ये जराही जागा न ठेवता बसवले म्हणजे काम सफाईदार, असं प्रत्येक मुलाला वाटतं. मग जे होतं ते डाग पडलेल्या रंगीत कागदासारखं दिसतं. मी काडेपेटीतली एक काडी देतो. दोन तुकड्यांत ती आडवी बसली पाहिजे, झालं. पुठ्ठा आधी काळा रंगवलेला असतो, त्यामुळं फटीतून काळी रेघ दिसते आणि प्रत्येक तुकडा सुटा बोलायला लागतो.

दुसरं, ओळी. तुकडे कसेही शिंपडून चालत नाही. ते आकाराच्या कडेनं धावले पाहिजेत, एकीमागं एक रांग. हे समजावताना मी आधी बरंच काही बोलायचो, ते वाया जायचं. एक दिवस तोंडातून निघालं, "बांधाच्या कडेनं तास धरा." तेवढ्यावर सगळं कळलं. वाकड्या वावरात बांधाला धरून पेरत आलं की शेवटी कोपऱ्यात आखूड तास उरतात, तसेच चित्रातही उरतात. तिथं तुकडा तिरपा कापून घालायचा. ज्यांच्या घरी तिफण आहे, ती मुलं यात शहरातल्या मुलांच्या पुढं असतात. मला हे ठामपणे वाटतं, पुरावा मागू नका.

रंगाचं गणित मात्र सगळ्यांना सारखंच छळतं. ब्रशनं पिवळ्यात निळा कालवला की हिरवा होतो. इथं कालवायची सोय नाही, तुकडे नुसते शेजारी शेजारी ठेवायचे. जवळून पाहिलं तर नुसता खिचडा. म्हणून नियम केला, दर दहा मिनिटांनी चित्र भिंतीला टेकवायचं आणि मैदानातल्या लिंबापाशी जाऊन बघायचं. लिंबापासून जे दिसेल ते खरं. यात निम्मा तास जातो, पण पोरं ज्या वेगानं लिंबाकडं पळतात, तो वेग गणिताच्या तासाला बघायला मिळत नाही.

पुठ्ठ्यावरून भिंतीवर गेलो ते पाण्याच्या नळाजवळच्या कोऱ्या जागेमुळं. विषय काय, यावर चर्चाच झाली नाही. गंगाखेड हे जात्यावर दळत अभंग गाणाऱ्या संत जनाबाईचं जन्मगाव, मंदिर इथंच गोदावरीच्या काठी, म्हणजे जातं. अडीच फुटांचं जातं, खाली नदी. टाइलच्या दुकानातून तुटका माल फुकट मिळाला. आणि मुलींनी आणल्या बांगड्या. "सर, फुटलेल्या आणल्यात," एक म्हणाली, तर दुसरीनं तिला टोकलं, "फुटलेल्या म्हणू नये गं, वाढलेल्या म्हण." यांच्या आयांनी लहानपणी याच तुकड्यांवर काचापाणी खेळलेलं. चंदीगडला नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकानं टाकलेल्या सामानातून अख्खी बाग उभारली, 1976 साली ती लोकांना खुली झाली, आणि तिथल्या कितीतरी बाहुल्यांच्या अंगावर बांगड्यांचेच तुकडे आहेत. ते फोटो मी मोबाइलवर दाखवले. बांगड्या गोणपाटात घालून हातोडीनं फोडायचं काम मी स्वतःकडं ठेवलं. टाइलच्या कपच्यांच्या धारा मुलांनी ओल्या शहाबादी फरशीवर घासून मारल्या.

जातं खरं काळ्या दगडाचं. पण आमच्याकडं लग्नकार्यातला चुडा हिरवा, तेव्हा आलेल्या बांगड्यांत बाराआणे हिरव्या. काळी एकही नाही. जातं हिरवं झालं. दुसरी अडचण वाकाची. बांगडीचा गोल लहान, जात्याचा मोठा. लांब तुकडे लावले तर जात्याला माशासारखे खवले आले. उपटले, आणि ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे बारीक तुकडे घेऊन पाळ्यांची वर्तुळं पुन्हा बसवली. काढलेल्या लांब कमानी वाया गेल्या नाहीत. खाली गोदावरीच्या लाटांना त्या जशा बसल्या तशा मुद्दाम कापूनही बसल्या नसत्या. पीठ म्हणून पांढऱ्या टाइलच्या कपच्या, खुंटा तपकिरी टाइलचा.

सांधे भरायचे होते मार्चच्या उन्हात. व्हाइट सिमेंट वाटीभर कालवायचं, ताटलीएवढ्या भागात भरायचं आणि ओल्या फडक्यानं लगेच पुसायचं, हे मीच मुलांना शिकवलं होतं. त्या दिवशी घाई होती म्हणून मी स्वतः एकदम सगळ्या भिंतीवर फासलं. मधेच ऑफिसमधून बोलावणं आलं. अर्ध्या तासानं परतलो तर हिरवं जातं, नदी, सगळं पांढरंफटक, दगडासारखं वाळलेलं. मुलं गप्प. मग तीच टोकणारी मुलगी म्हणाली, "जनाबाईनं पीठ सांडलं, सर." चार दिवस नारळाच्या काथ्यानं आणि जुन्या चमच्याच्या टोकानं आम्ही ते खरवडत होतो. काही फटींत अजून आहे.

यंदाच्या लग्नसराईत तुमच्याकडंही पिशवीभर पत्रिका जमतील. वरचा गणपती कापून घरी ठेवा आणि बाकीच्या जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाला नेऊन द्या. गणपतीसकट दिल्या तरी चालतील, माझ्याकडं तिसरा डबा रिकामा आहे.