पोटरीतला खळगा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात सास्तूरमधलं आमचं माळवद खाली आलं, तेव्हा मी शाळकरी पोर. भिंतीतल्या दगडानं उजव्या पोटरीचा लचका तोडला. हाड वाचलं, जखमही भरली. पण खळगा राहिला. नऊवारी-सहावारीच्या घरात त्याची चर्चा होण्याचं कारण नव्हतं. बोलली ती पुण्यात पार्लरचं काम शिकलेली माझी भाची.

"मावशी, फिलर मार. दोन इंजेक्शनांत भरून येईल. ओळखीतल्या एक बाई घरी येऊन देतात, डॉक्टरच्या निम्म्या पैशात."

तिनं मोबाइलवर बाटली दाखवली. आत तेलासारखं पारदर्शक काहीतरी, वर ना कंपनीचं नाव, ना मुदत.

मी सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी खळग्याची कातडी चिमटीत धरून उचलून पाहिली. कडेची वर आली, मधली जागची हलेना. "ही खाली चिकटलीय. नुसतं वरून भरलं तर खड्डा तसाच राहील आणि कडा फुगतील." मग त्यांनी हिशेबच मांडला. फिलरची एक सिरिंज साधारण एक मिलीची, चहाचा चमचा पाच मिलीचा. माझ्या पोटरीला किती लागेल ते मीच बघावं! अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएनंही फिलरना मंजुरी दिलीय ती मुख्यतः चेहरा आणि तळहाताच्या मागच्या बाजूसाठी. अंगाला आकार द्यायला नाही.

सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी पांढरी पडते, मग निळसर जाळी उमटते, दुखतं. हायलुरॉनिक आम्लाचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायलुरॉनिडेज ताबडतोब द्यावं लागतं. घरी सुई टोचणारीकडे ते कुठून असणार? आणि त्या बाटलीत सिलिकॉन असेल, तर त्याला उताराच नाही. ते सरकतं, कित्येक वर्षांनंतरही गाठी करतं, रक्तात गेलं तर फुप्फुसात नाहीतर मेंदूत अडकतं. त्याबद्दल एफडीएनं २०१७मध्येच इशारा दिलाय.

माझ्यासाठी डॉक्टरांनी वेगळा मार्ग सांगितला: आधी चिकटलेला भाग सुईनं सोडवायचा, मग पोटाची चरबी काढून तिथं भरायची. तीही थोडी जिरते म्हणे.

भाचीनं त्या बाईंना सीलबंद खोकं आणि बॅच नंबर मागितला. त्या म्हणाल्या, "खोकं कसलं? मोठी बाटली असते, त्यातूनच सगळ्यांना देते."

भाचीनं त्या बाईंचा फोन नंबर डिलीट केला. मी ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघणार आहे. आधी सोयाबीनचे पैसे हातात येऊ देत.