छायाचित्र कुणाचे?

एखाद्या चित्रकाराचे चित्र कोणी न विचारता उचलून नेले, तर ती चोरी होय, हे लहान मुलासही समजते. परंतु छायाचित्राची गोष्ट निघाली, की सुशिक्षित माणसेही सहज म्हणून जातात, "त्यात काय एवढे? नुसती कळ तर दाबायची!" ह्या समजुतीचा मला विषाद वाटतो.

माझे मामा वडोदऱ्यात छायाचित्रणावरच उदरनिर्वाह करतात. सुरसागर तलावावरील धुके टिपण्यासाठी ते एका हिवाळ्यात सलग नऊ दिवस पहाटे काठावर जाऊन उभे राहिले. पुढे तेच छायाचित्र एका दिनदर्शिकेवर छापलेले आढळले. ना अनुमती, ना मोबदला, ना नाव! मामा एवढेच म्हणाले, "विचारले असते, तर मी नाही म्हटले नसते." त्या शांत शब्दांतील व्यथा माझ्या मनाला फार लागली.

छायाचित्र वापरण्याची रीतसर अनुमती म्हणजे परवाना. घरमालक घर भाड्याने देतो, म्हणजे ते विकून टाकत नाही. त्याचप्रमाणे छायाचित्रकार कोणत्या कामासाठी, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात, हे ठरवून केवळ वापर देतो. त्यामुळे एकच छायाचित्र त्याला पुनःपुन्हा अन्न मिळवून देऊ शकते. १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर व जॉर्ज रॉजर यांनी 'मॅग्नम' ही सहकारी संस्था स्थापिली, ती ह्याच तत्त्वावर. छायाचित्राचे स्वामित्व नियतकालिकाकडे न जाता छायाचित्रकाराकडेच राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या देशाचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदाही परवाना लेखी असावा, असे सांगतो. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची मानतात. मात्र कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर मूळ हक्क काढवून घेणाऱ्याचाच ठरतो. म्हणूनच कागदावरील चार ओळींना एवढे मोल आहे! २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. म्हणजे त्याच्या मुलाबाळांनाही त्याचा आधार होतो.

विद्यार्थिमित्रहो, आज इंटरनेटवर हवे ते छायाचित्र क्षणात सापडते. परंतु सापडलेली वस्तू आपली होत नसते. भित्तिपत्रक असो वा वार्षिक अंक, छायाचित्र कोणाचे, हा प्रश्न आपण आधी विचारावा. अनुमती मागावयास एक पत्र पुरते आणि नाव छापावयास एक ओळ. तेवढ्याने एका कष्टाळू माणसाची भाकरी आणि मान, दोन्ही राहतात.