अप-डाऊनचं गणित

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, दोन्हीकडं एम.ए. इंग्रजीला माझा नंबर लागला. कुठं जायचं, हा प्रश्न आमच्या बिलोलीत कुणाला पडलाच नाही. बाबा एवढंच म्हणाले, "घरापाशी विद्यापीठ असताना तिकडं कायला जायलीस?"

बाबांचं म्हणणं पोकळ नव्हतं. विद्यापीठ घरापाशी यायला आमच्याकडं तीन पिढ्या लागल्या. आजोबा लहान होते तेव्हा बिलोली निजामाच्या राज्यात होती. पदवी घ्यायची तर १९१८ला सुरू झालेलं उस्मानिया, तेही हैदराबादला आणि उर्दूतून. आजोबा सातवीनंतर शेतात गेले. १९५८ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, मोठ्या काकांच्या पदवीवर त्याचा शिक्का आहे. मग १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडचं विद्यापीठ स्थापन झालं. मी बी.ए. केलं ते घरून चालत कॉलेजला जाऊन. हे अंतर असं कमी होत आलं नसतं, तर माझ्या दोन्ही आत्यांसारखं माझंही शिक्षण मध्येच थांबलं असतं.

तरीही मला हैदराबादला जायचं होतं. नांदेडला चांगलं शिकवत नाहीत म्हणून नव्हे. आमच्या भागातून आलेल्या पोरांना इंग्रजी कुठं अडतं, हे तिथल्या मास्तरांना न सांगता कळतं. हैदराबादला ते मलाच सांगावं लागणार होतं.

अडचण 'जवळ' या शब्दाची होती. आमच्याकडं मुलगा नांदेडला शिकायला गेला की खोली करतो. मुलगी अप-डाऊन करते. बिलोली ते नांदेड पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. नरसी, नायगाव करत एसटीला दोन तास लागतात, पुढं विष्णुपुरीपर्यंत रिक्षा. मार्च २०२३पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि खोलीच्या भाड्यापुढं अप-डाऊन आणखीच स्वस्त दिसायला लागलं. त्या हिशेबात रस्त्यावरचे पाच तास कुणी धरत नाही. शेवटचा तास सोडून गाडी गाठणं धरत नाही. घरी आल्यावर आईच्या हाताखालचं काम तर नाहीच नाही.

मी नांदेडच्याच वसतिगृहाचा विषय काढून पाहिला. "दोन तासांवर घर आहे की आपलं," आई म्हणाली. म्हणजे जवळ असणं हीच तिथं राहू न देण्याची सबब झाली.

हैदराबादचं तसं नव्हतं. येसगीला मांजरेवरचा पूल ओलांडला की तेलंगणा लागतो. पुढं बोधन, निजामाबाद आणि मग हैदराबाद. बिलोलीहून ते पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, पण रोज येण्याजाण्यासारखं नाही. गच्चीबावलीच्या त्या कॅम्पसमध्ये शिकणाऱ्या एका सीनियर ताईला मी फोन केला. अभ्यासक्रम मी साइटवर वाचलाच होता. तिला विचारलं ते वेगळंच: खोलीत किती जणी, मेसचे महिन्याला किती, रात्री किती वाजेपर्यंत वाचत बसता येतं, इंग्रजी बोलताना अडखळलं तर कुणी हसतं का. तुमच्याकडंही दोन प्रवेश असतील तर रँकिंग बघाच, पण आधी असा एक फोन करा.

मग एका कागदावर मी दोन्हीकडचा दिवस लिहिला, सकाळी सहा ते रात्री दहा. नांदेडच्या रकान्यात वाचायला सव्वा तास उरत होता. हैदराबादच्या रकान्यात पाच. मेसचा खर्चही खाली लिहिला, लपवला नाही. बाबांनी कागद दोनदा वाचला. लगेच हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दिवाळीला धर्माबादपर्यंत रेल्वेनं येशील का बसनं?"

मी जाते आहे. धाकटी यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला नांदेडलाच शिकायचंय. तिच्यासाठी वसतिगृहाचा फॉर्म भरायचा, हे मी निघायच्या आधीच बाबांकडून कबूल करून घेतलंय.