दूरच्या कॉलेजची पेटी

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत पेढे वाटले जातात. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, वही-पेन दिले जाते, फोटो निघतात. हे सारे चांगलेच आहे. परंतु सत्कारानंतरच्या दोन महिन्यांत त्या मुलाचे काय होते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. ज्याला घराजवळच्या कॉलेजात जायचे त्याचे ठीक चालते. ज्याचा नंबर लोणेरेला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला किंवा त्याहून लांब लागला, त्याच्या घरात मात्र धांदल उडते. दाखले, पैसा, पेटी, गाडीचे तिकीट आणि आईची काळजी, सगळे एकदमच अंगावर येते. गुण चांगले असूनही जागा हातची जाते ती याच दोन महिन्यांत. म्हणून यंदा आम्ही उपनगरांत फिरून ही तयारी जवळून पाहिली. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी आणि बोरिवली असा आमचा प्रवास झाला.

घाटकोपर : आजोबांचा कागद

घाटकोपर पूर्वेला द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी इथे गोळीबार झाला आणि आपली दहा माणसे गेली, हे कोणी विसरलेले नाही. आता तिथे पुनर्विकासाचे काम हाती घेतले आहे. घरे रिकामी करून भाड्याच्या खोलीत गेलेल्या एका कुटुंबाला आम्ही भेटलो. वडील सिक्युरिटीत, आई चार घरी स्वयंपाक करते. मुलीला लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे.

घरात आनंद होता, पण त्याला एक जुनी सल होती. मुलीच्या थोरल्या भावालाही असाच प्रवेश मिळत होता. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या काळचा पुरावा हवा होता, तो वेळेत सापडला नाही आणि त्याचे वर्ष गेले. पुढे तो कुरिअरच्या कामाला लागला तो लागलाच. म्हणून धाकटीच्या वेळी वडिलांनी ती दहावीत असतानाच फाईल उघडली.

ही गोष्ट प्रत्येक घराने समजून घ्यावी. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या दिवशी आपले पूर्वज ज्या गावी राहत होते, त्या भागाच्या प्रांत कार्यालयातून दाखला मिळतो. मुंबईत जन्मलेल्या मुलालाही आजोबांचे गाव गाठावे लागते ते यामुळेच. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? मग त्यांच्या भावाच्या किंवा चुलत्याच्या नावाची शाळेतली नोंद शोधावी. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह देता येतो. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा, म्हणजे कोतवाल बुकाचा, उतारा तहसील कचेरीतून मागता येतो. या घराला आजोबांच्या थोरल्या भावाची पहिलीत नाव घातल्याची नोंद खेड तालुक्यातल्या एका शाळेत मिळाली. तो एक कागद आज साऱ्या घराचा आधार झाला आहे.

आणखी एक अडचण आपल्याच लोकांची आहे. आजोबांच्या कागदावर महार, वडिलांच्या दाखल्यावर नवबौद्ध, मुलाच्या दाखल्यावर बौद्ध. १९५६ नंतर आपण माणूस म्हणून उभे राहिलो त्याचाच हा इतिहास आहे, पण खिडकीवरच्या कारकुनाला तो जुळवून दाखवावा लागतो. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. तेव्हा मुलाला आयआयटीसारख्या केंद्राच्या संस्थेत जायचे असेल, तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा मागून घ्यावा. दाखल्यानंतर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला महिने लागू शकतात, म्हणून अकरावीतच अर्ज करावा.

मुलुंड : खिडकीपुढची रांग

घाटकोपरहून धीम्या लोकलने पाचवे स्टेशन मुलुंड. उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके आहेत : कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात, आणि या तालुक्याची तहसील कचेरी मुलुंडला आहे. अंधेरीवाल्यांची कचेरी अंधेरी पश्चिमेला, बोरिवलीवाल्यांची बोरिवली पश्चिमेला. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला इथून निघतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवरूनही भरता येतात. तरीही निकालाच्या दिवसांत गर्दी होतेच.

रांगेत आम्ही तासभर उभे राहिलो. ज्यांनी कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये क्रमाने लावले होते त्यांचे काम लवकर झाले. ज्यांनी पिशवीतून एकेक कागद काढला, त्यांना झेरॉक्सच्या दुकानात दोन-दोन फेऱ्या पडल्या. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेते. म्हणून त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती आधीच काढाव्यात. रेशनकार्ड, आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दाखले आणि वीस फोटो एका फाईलमध्ये असावेत. दुसरी तशीच फाईल घरी राहावी. जुलैचा पाऊस आहे, तेव्हा फाईलला वरून प्लास्टिकची पिशवी घालावी.

आता पैशाचे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दर वर्षी नूतनीकरण करायचे. शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तोही चुकवू नये. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. जेवण, निवास आणि निर्वाहासाठी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि लहान शहरांत त्याहून कमी, असा दर तेव्हा ठरला. अटी आणि तारखा समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात.

परंतु हे पैसे उशिरा येतात, आणि खानावळ मात्र पहिल्या तारखेला पैसे मागते. शिष्यवृत्ती येईल या भरवशावर मुलाला रिकाम्या हाताने पाठवू नये. निदान तीन महिन्यांच्या जेवणाची आणि अनामत रकमेची सोय घरातून, भिशीतून किंवा नातेवाइकांकडून आधी करावी. शिष्यवृत्ती मुलाच्या खात्यात जमा होते, त्यामुळे ते खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

अंधेरी : पहिला महिना

मुलुंडहून परत घाटकोपरला आलो आणि २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरीला गेलो. पूर्वेला महाकाली लेण्यांच्या रस्त्याकडच्या एका चाळीत नागसेनवनात शिकणारा विद्यार्थी सुट्टीला आला होता. बाबासाहेबांनी १९५० साली संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, काढलेले मिलिंद महाविद्यालय याच नागसेनवनात आहे. मुंबईहून तिथे शिकायला जाणे म्हणजे उलटी गंगा, असे त्याला पुष्कळांनी ऐकवले होते.

पेटीत काय न्यावे, असे आम्ही विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, पेटी आईने चांगली भरली होती. कपडे कसे धुवायचे ते मात्र मी तिथे जाऊन शिकलो." पहिल्या महिन्यात त्याला तीन गोष्टी जड गेल्या. पहिली, खानावळीचे जेवण. दुसरी, पैशाचा हिशेब. पंधरा तारखेलाच खिसा रिकामा झाला. तिसरी, रात्रीची आठवण. दहा बाय बाराच्या खोलीत सहाजणांत झोपलेल्या मुलाला एकट्याच्या खाटेवर झोप येत नाही, हे कोणाला खरे वाटणार नाही, पण तसे होते.

बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले. आधी हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले, पण तिथले जेवण मानवले नाही. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला निघाले तेव्हा याच भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले होते. आपल्या मुलाला खोली बदलावी लागली, जेवण मानवले नाही, तर तो हरला असे समजू नये. आणि परक्या गावी जोडलेला एक चांगला मित्र जन्मभर पुरतो, हेही त्याला सांगावे.

म्हणून निघण्याआधी महिनाभर मुलाला, आणि मुलीलाही, घरातच सराव द्यावा. आपले कपडे आपण धुणे, खिचडी आणि डाळ-भात करणे, बँकेत एकट्याने जाणे, रोजचा खर्च वहीत लिहिणे. मुलीला ही कामे येतात, पण तिला बँकेत आणि कचेरीत पाठवत नाहीत. मुलाला उलट. दोघांची उणीव भरून काढावी.

एक गोष्ट निघण्यापूर्वी घरात बसून बोलावी. कोणी आडनाव विचारील, कोणी सवलतीवरून टोमणा मारील. त्याला काय उत्तर द्यायचे ते मुलाने ठरवावे, पण ते मनात दाबून ठेवू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक आहे. कॉलेजात भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत सांगितले आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावे. आणि आईवडिलांनी एवढेच म्हणावे, "काही झाले तरी आधी आम्हाला सांग. आम्ही रागावणार नाही."

बोरिवली : एस.टी.चा फलाट

शेवटी आम्ही बोरिवलीला गेलो. पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. सहलीला सगळेच जातात. आम्ही या खेपेस ती वसतिगृह म्हणून पाहिली. लहानशी खोली, झोपायला दगडी ओटा, पुढे ओसरी आणि बाजूला पावसाचे पाणी साठवणारी पोढी. घर सोडून आलेला भिक्खू इथे राहत होता, शिकत होता. त्याच्याजवळ आठच वस्तू असत : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. आणि त्याच्या वस्त्रांसाठी कोणा उपासकाने कायमची ठेव ठेवली होती, असे इथले शिलालेख सांगतात.

हे मनात धरून पेटी भरावी. चार कपडे, एक सोलापुरी चादर, अंथरूण, ताट-वाटी-तांब्या, पाण्याची बाटली, सुई-दोरा, कपडे वाळवायची दोरी, तापाची आणि पोटाची औषधे, छत्री आणि दोन किल्ल्यांचे कुलूप. बादली तिथेच घ्यावी. शेंगदाण्याची किंवा सुकटीची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावी. ती खाताना मुलाने लाजू नये आणि खोलीतल्या दुसऱ्यालाही विचारावे. नव्या कपड्यांवर खर्च करण्यापेक्षा एक चांगली चप्पल घ्यावी.

बोरिवली पूर्वेच्या नॅन्सी कॉलनीच्या एस.टी. स्थानकावर कोकणच्या गाड्या लागतात. लोणेरे मुंबई-गोवा महामार्गावरच आहे, महाडच्या अलीकडे. घाटकोपरच्या त्या मुलीची आई म्हणाली होती, "दादा, पोरगी एक रात्र बाहेर राहिली नाही कधी." आम्ही तिला हा रस्ता सांगितला. याच महामार्गाने तिची माणसे दर वर्षी खेडला जातात. याच रस्त्यावर महाड आहे, जिथे २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पहिल्या वेळी आईवडिलांपैकी एकाने सोबत जावे, खोली पाहावी, खानावळीत एक वेळ जेवावे आणि दुसऱ्या दिवशी परत यावे. फोनची वेळ ठरवावी. रोज दहादा फोन केला तर मुलाचे मन तिथे लागत नाही.

विहारांच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही आमची विनंती आहे. सत्काराच्या हारतुऱ्यांचे पैसे वाचवून एक लहानसा निधी करावा. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला पहिल्या तीन महिन्यांचे पैसे त्यातून उसने द्यावेत, शिष्यवृत्ती आली की त्याने ते परत करावेत, म्हणजे पुढच्याच्या कामी येतील. कान्हेरीला ठेवी ठेवणाऱ्या उपासकांनी हेच केले. विहारात महिन्यातून एक रविवार कागदांसाठी ठेवावा. ज्याचा दाखला निघाला आहे त्याने शेजाऱ्याला वाट दाखवावी.

वाचकहो, तुमच्या घरात यंदा कोणी नववी-दहावीला असेल, तर ही पेटी आजच भरायला घ्या. आजोबांचे गाव, शाळा आणि साल एका कागदावर लिहून काढा. घरातले म्हातारे माणूस जवळ आहे तोवर त्यांना बसवून विचारा. त्यांना जे आठवते ते कुठल्याच कचेरीत मिळत नाही.