दोघांपुरती भाषा

आमच्या धर्मग्रामात घरभेटी घेत असता एका ओसरीवर अडीच वर्षांचे जुळे भाऊ गप्पांत रंगलेले दिसले. एकाने काही म्हणावे आणि दुसऱ्याने खदखदून हसावे! आम्हा मोठ्यांना मात्र त्यातले अवाक्षर कळेना. आजी म्हणाल्या, "फादर, शाळेत अडेल म्हणून माझी बोली ह्यांच्याशी बोलायची नाही, असं सुनेनं सांगितलंय. मग मी गप्पच असते."

जुळ्यांमध्ये अशी खाजगी बोली पुष्कळदा आढळते. लहान मूल शब्द मोडूनतोडून उच्चारते. मोठ्यांना तो कळला नाही की मूल उच्चार सुधारते. जुळ्याला मात्र समवयस्क सोबती लाभलेला असतो. त्याला मोडका शब्दही उमगतो आणि तो तसाच परत करतो. अशा रीतीने चूक हीच रूढी होते.

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७७ साली अशा दोन जुळ्या बहिणींची मोठी चर्चा झाली. त्या एकमेकींना 'पोटो' आणि 'काबेंगो' म्हणत. मुली मतिमंद असाव्यात, या समजुतीने त्यांना शाळेत घातले नव्हते. त्यांचा सांभाळ जर्मन बोलणारी आजी करी. अन्नवस्त्राची काळजी ती घेई. बोलणे, खेळणे मात्र फार थोडे. तज्ज्ञांनी मुलींचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. ती कोणतीही अद्भुत भाषा नव्हती. घरात कानी पडलेली इंग्रजी आणि जर्मनच अतिवेगाने व विपर्यस्त उच्चारांनी बोलली जात होती. मुलींची बुद्धीही जवळजवळ सामान्यच निघाली.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया आणि युदोविच यांनी आपला अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या जुळ्या भावांना त्यांनी बालवाडीच्या वेगवेगळ्या गटांत ठेवले. इतरांशी बोलण्याची गरज पडताच काही महिन्यांतच त्यांची भाषा झपाट्याने सुधारली.

तात्पर्य, दोघांची गुजगोष्ट हा दोष नव्हे. तिसऱ्याचे मौन हा खरा धोका. आमच्या वसईत आईवडील पहाटेची लोकल गाठतात आणि नातवंडे आजीच्या पदराखाली वाढतात. तिची बोली सामवेदी असो वा वाडवळी, ती मुलाच्या वाटेतला अडसर नाही. दोन भाषांनी मूल गोंधळून मुके होत नाही. त्याच्याशी कोणी बोललेच नाही, तर मात्र ते मागे पडते. घास भरवताना आजीने चिऊकाऊची गोष्टही सांगावी, आणि ती आपल्याच बोलीत सांगावी. घासाइतकीच मुलाला तिचीही भूक असते.